टॉर्क आणि अश्वशक्ती : मोटारीचा जमाखर्च

मोटार विकत घेताना आपण व्यापारी मंडळी प्रथम अश्वशक्तीचा आकडा विचारतो. आम्हीही तेच केले. पुढे बेळगावहून चोर्ला घाटाने पणजीस जात असता, चढावर एका मालट्रकला मागे टाकण्यासाठी आम्ही चौथ्या गिअरमध्येच पाय दाबला. परंतु गाडी ढिम्म! समोरून बस येताना दिसली आणि निमूटपणे ट्रकमागे परतावे लागले. कागदावरची अश्वशक्ती त्या क्षणी गेली कोठे?

उत्तर आपल्या वहीखात्यातच आहे. इंजिनाचा दांडा ज्या पिळाने फिरतो त्यास टॉर्क म्हणतात; तो जणू दर खेपेचा नफा होय. दर मिनिटाचे फेरे म्हणजे खेपांची संख्या. या दोहोंच्या गुणाकारावर अश्वशक्ती, म्हणजे एकूण कमाई, ठरते. मिनिटास ३३,००० पौंड वजन एक फूट उचलण्याचे काम म्हणजे एक अश्वशक्ती, हे माप जेम्स वॅट यांनी ठरविले. ११० न्यूटन-मीटर टॉर्क ६,००० फेऱ्यांवर मिळाला तर सुमारे ९३ अश्वशक्ती होते; तोच २,००० फेऱ्यांवर असेल तर अवघी ३१! आमचे इंजिन घाटात अशाच मंद फेऱ्यांवर घुटमळत होते.

गिअर शक्ती निर्माण करीत नाही. तो केवळ मोड करून देतो, वेग देऊन जोर घेतो. एकाच गिअरमध्ये पाठीला बसणारा रेटा टॉर्क सर्वाधिक असेल तेथे अधिक जाणवतो. परंतु ठरावीक वेगास सर्वाधिक रेटा मिळतो तो ज्या गिअरमध्ये इंजिन अधिक अश्वशक्ती देते त्यातच. शिवाय तीच शक्ती दुप्पट वेगास निम्माच जोर देते; म्हणून वेग वाढता रेटा ओसरतो. आजची डिझेल इंजिने कमी फेऱ्यांवर भरपूर टॉर्क देतात, यास्तव ती गिअर न बदलताही ओढतात. विजेच्या मोटारीस तर तो थांबल्या जागेपासूनच लाभतो.

तेव्हा खरेदीच्या वेळी दोन्ही आकडे, आणि ते किती फेऱ्यांवर मिळतात, हे अवश्य विचारावे. गाडी कुटुंबासह, सामानासह चढावर चालवून पाहावी. पुढील वाहन ओलांडण्यापूर्वी गिअर आधी उतरवावा, आणि समोरचा रस्ता मोकळा दिसत नसेल तर थांबावे. पाच मिनिटांचा उशीर ही काही तोट्याची बाब नव्हे. सर्व सभासद बंधुभगिनींचा प्रवास सुखरूप होवो!