डंख जेलीफिशचा, उतारा गरम पाण्याचा!

मलकापूरच्या दोस्तांनो, सुट्टीत कुंभार्ली घाट उतरून कोकणात जाणार ना? मग एवढं वाचूनच निघा. वाळूत निळसर फुगा चकाकताना दिसला, तर हात मागे! तो ब्ल्यूबॉटल, जेलीफिशचा भाऊबंद. २०१८ च्या ऑगस्टमध्ये मुंबईच्या जुहू किनाऱ्यावर त्याने कितीतरी जणांना रडवलं होतं.

फुग्याखाली निळे दोरे लोंबतात. त्यांच्यावर असंख्य बारीक डंखपेशी असतात. प्रत्येकीत एक पोकळ धागा वेटोळं घालून बसलेला. कातडी लागली की धागा सटकन बाहेर आणि विष आत! याच कुळातल्या हायड्राच्या डंखाचा वेग शास्त्रज्ञांनी मोजलाय. डंखाचं टोक बाहेर यायला सेकंदाचा दहा लाखावा भागही लागत नाही! प्राणी मेला तरी दोऱ्यांतले डंख शाबूत राहतात, बरं का.

डंख झाला की आपल्याला आधी आठवतो बर्फ. ऑस्ट्रेलियातल्या डॉक्टरांनी ब्ल्यूबॉटल डसलेल्या ९६ जणांवर दोन उपाय करून पाहिले. काहींना ४५ अंश सेल्सियसचं गरम पाणी, काहींना बर्फ. वीस मिनिटांनी गरम पाणीवाल्यांपैकी ८७ टक्के लोकांच्या वेदना कमी झाल्या, बर्फवाल्यांपैकी फक्त ३३ टक्के लोकांच्या! हा निकाल २००६ साली छापून आला. असं का? विषात प्रथिनं असतात आणि उष्णतेने त्यांची घडी विस्कटते. मग विषाचा जोर ओसरतो.

आता एक गंमत. जेलीफिश तुमच्या कृष्णेच्या खोऱ्यातही आहे! मालवणात जन्मलेल्या शंकर पुरुषोत्तम आघारकरांना सह्याद्रीतल्या नद्यांत गोड्या पाण्यातला जेलीफिश सापडला. तोवर तसला जेलीफिश आफ्रिकेतच असतो, असं वाटायचं. १९१२ मध्ये ही बातमी ‘नेचर’ या नामवंत नियतकालिकात आली. पुण्यातली आघारकर संशोधन संस्था त्यांच्याच नावाची. गोड्या पाण्यातल्या या चिमुकल्यांचा डंख माणसाला सहसा जाणवतही नाही, त्यामुळे तिथे गरम पाण्याचं काम नाही.

समुद्रात मात्र डंख झालाच, तर चोळू नका, वाळू घासू नका. लगेच मोठ्यांना, जीवरक्षकांना हाक मारा. दोरे चिमट्याने काढून, जागा समुद्राच्याच पाण्याने धुवायची. मग सोसवेल इतकंच गरम पाणी, तेही मोठ्यांनी हात घालून तपासलेलं. उकळतं पाणी मुळीच नको, नाहीतर डंखापेक्षा भाजणं भारी! आणि श्वास लागला किंवा चक्कर आली, तर थेट दवाखाना गाठा.