बांधावरची वाट : पूर्व कोलकात्याच्या पाणथळ प्रदेशातील भ्रमंती

कोलकाता महानगराच्या पूर्व सीमेवरील ईस्टर्न मेट्रोपॉलिटन बायपास ओलांडून बासंती महामार्गाने काही किलोमीटर पुढे गेले की उंच इमारती मागे पडतात. रस्त्याच्या दोन्ही अंगांना उथळ, विस्तीर्ण तळी दिसू लागतात. तळ्यांमधून मातीचे बांध जातात, काठाशी जलपर्णीचे हिरवे पट्टे असतात आणि मधूनमधून भातखाचरे लागतात. हिवाळ्यात पक्षीनिरीक्षक, विद्यार्थी आणि सकाळच्या फेरफटक्यासाठी आलेले नागरिक या बांधांवरून चालताना आढळतात. एवढ्या मोठ्या शहराला लागून असलेला हा शांत ग्रामीण परिसर मुद्दाम राखलेले उद्यान नाही. ती चालू स्थितीतील शेती आहे, आणि म्हणूनच विस्तार कार्यकर्ते व प्रगतिशील शेतकरी यांनी ती पायी फिरून पाहावी अशी आहे.

उताराने घडविलेला प्रदेश

कोलकात्याची जमीन हुगळी नदीपासून दूर, पूर्वेकडे उतरत जाते. त्यामुळे शहराचे सांडपाणी स्वाभाविकपणे पूर्वेकडील खोलगट भागात येते. पूर्वी येथे बिद्याधरी नदीच्या भरतीचे पाणी शिरत असे आणि सरोवरे खारी होती. नदी गाळाने भरून विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात मृतप्राय झाली आणि खाऱ्या पाण्याची आवक थांबली. त्यानंतर स्थानिक मत्स्योत्पादकांनी शहराचे सांडपाणी तळ्यांत घेऊन गोड्या पाण्यातील मासे वाढविण्याची पद्धत विकसित केली. या तळ्यांना बंगालीत ‘भेरी’ म्हणतात.

1980च्या दशकाच्या आरंभी ध्रुवज्योती घोष या अभियंत्याने शहराच्या सांडपाण्याचे पुढे काय होते, याचा माग काढला. कालव्यांच्या कडेने जाताना त्यांना मच्छीमार आणि शेतकरी यांनी उभारलेली ही व्यवस्था दिसली. पुढे तिच्या अभ्यासासाठी आणि रक्षणासाठी त्यांनी आयुष्य वेचले. 19 ऑगस्ट 2002 रोजी सुमारे 12,500 हेक्टरचा हा प्रदेश आंतरराष्ट्रीय महत्त्वाचे पाणथळ क्षेत्र म्हणून रामसर यादीत समाविष्ट झाला. यात जलाशयांचे क्षेत्र सुमारे 5,850 हेक्टर, शेतीचे 4,700 हेक्टर, कचऱ्याच्या खतावरील भाजीपाल्याचे 600 हेक्टर, तर वस्तीचे 1,300 हेक्टर आहे. जवळजवळ निम्मा भूभाग पाण्याखाली असल्याने येथे गावांना जोडणारी वाट बहुधा बांधावरूनच जाते.

चालताना काय पाहावे

पहाटे आलेल्या पाहुण्यास प्रथम ओढजाळ्याचे काम दिसते. कमरेइतक्या पाण्यात उतरलेले कामगार रांगेने जाळे ओढत काठाकडे येतात. रोहू, कटला, मृगळ, सिल्व्हर कार्प आणि तिलापिया वेगवेगळे करून जवळच्या लिलाव बाजाराकडे रवाना होतात. अंतर थोडे असल्याने मासा ताजा, अनेकदा जिवंत पोहोचतो.

त्यानंतर पाण्याकडे लक्ष द्यावे. तळ्यांची खोली साधारण 50 ते 150 सेंटिमीटर असते. त्यामुळे सूर्यप्रकाश तळापर्यंत पोहोचतो आणि शेवाळाची वाढ होते. जिवाणू सेंद्रिय पदार्थांचे विघटन करतात, त्यातून मुक्त झालेल्या अन्नद्रव्यांवर शेवाळ पोसते, शेवाळ जिवाणूंना प्राणवायू पुरविते आणि वनस्पती व प्राणी प्लवकांवर मासे वाढतात. या प्रक्रियेत जैवरासायनिक प्राणवायूची मागणी 80 टक्क्यांहून अधिक घटते. तळ्यांतून बाहेर पडणारे पाणी पुढे भातशेतीस मिळते. एकाच पाण्याचे हे दोन उपयोग बांधाच्या दोन बाजूंना उभे राहून एका दृष्टिक्षेपात पाहता येतात.

हिवाळ्यातील भेटीत तळ्यांची पूर्वतयारीही पाहण्यास मिळते. तळे रिकामे करून उन्हात तापविले जाते, तळाची मशागत होते आणि चुना दिला जातो. सांडपाणी घेतल्यावर दोन ते तीन आठवडे नैसर्गिक शुद्धीकरणासाठी थांबून मगच मत्स्यबीज सोडतात. पुढे सांडपाणी थोड्या थोड्या प्रमाणात दिले जाते. ते केव्हा आणि किती द्यावे, हे अनुभवी कामगार पाण्याचा रंग व माशांची हालचाल पाहून ठरवितो. महाराष्ट्रात तलावांचा शत्रू मानली जाणारी जलपर्णी येथे बांबूच्या आधाराने काठालगत मर्यादित पट्ट्यात राखली जाते. ती लाटांपासून बांधाची धूप रोखते आणि पाण्यातील काही जड धातू शोषून घेते.

पक्षीनिरीक्षकांसाठी पाणकावळे, बगळे, खंड्या, कमळपक्षी आणि अडई बदके ही येथील नेहमीची उपस्थिती आहे. शहराच्या बाजूस धापा परिसरात कचऱ्याच्या खतावर पिकणारी फुलकोबी, मका आणि पालेभाज्या दिसतात.

पश्चिमेकडे बंदर भागातील मुदियाली येथे मच्छीमारांच्या सहकारी संस्थेने बंदर न्यासाच्या पाणथळ जमिनीवर याच तत्त्वाची मत्स्यशेती उभारली आहे. सांडपाणी टप्प्याटप्प्याने एका तळ्यातून दुसऱ्या तळ्यात नेले जाते आणि शेवटच्या तळ्यांत मासे वाढविले जातात. बांधांवर वृक्ष लावून संस्थेने हा परिसर निसर्ग उद्यान म्हणून अभ्यागतांसाठी खुला केला. मत्स्योत्पादन आणि पर्यटन एकाच सहकारी संस्थेच्या हाती असू शकते, याचे हे उदाहरण होय.

वाट टिकेल कशावर?

ही वाट सुरक्षित आहे, असे मात्र म्हणता येत नाही. 1960च्या दशकात हुगळीच्या पात्रातील गाळ आणून खाऱ्या सरोवरांचा उत्तरेकडील भाग भरण्यात आला आणि त्यावर विधाननगर वसले. उरलेल्या क्षेत्राच्या रक्षणासाठी 1992 मध्ये कलकत्ता उच्च न्यायालयाने महत्त्वपूर्ण निर्णय दिला. 2006 मध्ये राज्याने स्वतंत्र कायदा केला. तरीही शहरालगतच्या जमिनीचे मूल्य वाढते आहे आणि तळी बुजविण्याचा दबाव कायम आहे. कालवे गाळाने भरले की सांडपाणी पुरेसे पोहोचत नाही, तळे उथळ होते, उत्पादन घटते आणि मालकास जमीन विकणे अधिक लाभाचे वाटू लागते. तळे बुजले की कामगाराची मजुरी, शहराचे विनामूल्य शुद्धीकरण केंद्र आणि पाहुण्याची पायवाट ही तिन्ही एकाच वेळी जातात. येथील निसर्गसौंदर्य मत्स्यशेतीच्या नफ्यावर उभे आहे, हे विसरून चालणार नाही.

महाराष्ट्रासाठी बोध

महाराष्ट्राने 2020 मध्ये कृषी पर्यटन धोरण स्वीकारले. नाशिक जिल्ह्यातील नांदूर मध्यमेश्वर हे राज्यातील पहिले रामसर क्षेत्र ठरले. पूर्व विदर्भातील भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली जिल्ह्यांत माजी मालगुजारी तलाव, म्हणजेच मामा तलाव, आजही भातशेती आणि ढिवर बांधवांची मासेमारी या दोहोंना आधार देतात. या तलावांच्या पाळीवरून काढलेली दोन-तीन किलोमीटरची मार्गदर्शित भ्रमंती पाहुण्यांना सिंचन, मत्स्यव्यवसाय, पाणवनस्पती आणि पक्षी यांचा परस्परसंबंध समजावून देऊ शकेल. त्यासाठी मोठ्या बांधकामाची आवश्यकता नाही.

अशा उपक्रमाची आखणी करताना काही बाबी ध्यानात ठेवाव्यात. भ्रमंतीचे वेळापत्रक जाळे ओढणे, रोवणी, मत्स्यबीज सोडणे यांसारख्या प्रत्यक्ष कामांशी जुळवावे. इंग्लंडच्या ग्रामीण भागात शेतांमधून जाणाऱ्या पायवाटांवर चालण्याचा हक्क कायद्याने मान्य आहे. आपल्याकडे मात्र बांध हा उत्पादकाचा असतो, म्हणून मच्छीमार संस्था व जमीनधारक यांची पूर्वपरवानगी घ्यावी. मार्गदर्शक म्हणून त्याच तलावावर काम करणाऱ्या युवक-युवतींना प्रशिक्षण द्यावे आणि शुल्काचा ठरावीक हिस्सा पाळ व पाटांच्या दुरुस्तीसाठी राखून ठेवावा. विणीच्या काळात पक्ष्यांच्या घरट्यांपासून अंतर राखावे.

सांडपाण्यावरील मत्स्यशेतीचे अनुकरण करण्याआधी विशेष सावधगिरी हवी. औद्योगिक सांडपाणी मिसळलेले असल्यास जड धातू माशांत साठण्याचा धोका असतो. शिवाय रोगकारक जंतूंचाही प्रश्न असतो. म्हणून पाणी, गाळ आणि मासे यांची प्रयोगशाळेत तपासणी आणि मत्स्यव्यवसाय विभागाचे मार्गदर्शन यांशिवाय असा प्रयोग हाती घेऊ नये.

अभ्यासदौऱ्यासाठी कोलकात्यास जाणाऱ्या गटांनी बराकपूर येथील केंद्रीय अंतर्देशीय मत्स्यसंशोधन संस्थेच्या भेटीसोबत या बांधांसाठी एक पूर्ण सकाळ राखून ठेवावी. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ सर्वाधिक अनुकूल आहे. पहाटे लवकर पोहोचावे, म्हणजे जाळे ओढण्यापासून लिलावापर्यंतचा संपूर्ण क्रम पाहता येतो आणि कामगारांशी सवडीने संवादही साधता येतो.