फेट्याखाली टिकणारा खोपा

पाडव्याला गिरगावच्या शोभायात्रेत नऊवारी, नथ, फेटा अशा थाटात बुलेटवर निघालेल्या बायकांचा खोपा घरीही छान जमतो! केस आदल्या दिवशी धुवा. ताजे धुतलेले निसटतात. मानेलगत घट्ट पोनी, तिची तीनपेडी वेणी. ती पोनीभोवती गुंडाळताना यू-पिन आधी बाहेरच्या बाजूला केसांत अडकवायची, मग उलटी फिरवून आत खोचायची. अशी पिन हलत नाही. केस विरळ असतील तर खुशाल गंगावन लावा, आपल्याकडे ते पूर्वापार वापरतात. खोपा खालीच हवा, नाहीतर फेटा बसत नाही. गजरा आदल्या संध्याकाळी दादरच्या फुलबाजारातून आणून ओलसर फडक्यात गुंडाळून फ्रिजमध्ये ठेवा. यंदा करून बघा आणि फोटो नक्की टाका!