मानेतून उठणारी डोकेदुखी

वेचणीच्या दिवसांत वलगावच्या शिवारात बाया सकाळपासून वाकलेल्या. कमरेला ओटी, मान खाली. दिवेलागणीला डोके ठणकते, मग गोळी. तुमच्या घरीही हेच चालत असेल, तर दुखणे कोठून सुरू होते ते आधी बघा.

मानेच्या मुळाशी सुरू होऊन एकाच बाजूने डोळ्यापर्यंत चढणारी, मान वळवताच वाढणारी कळ बहुधा मानेची असते. वरच्या मणक्यांच्या व चेहऱ्याच्या नसा मेंदूच्या बुडाशी एकत्र येतात. म्हणून दुखते मान अन् जाणवते कपाळात. गोळी तर महिन्यात १५ दिवस घेतली की गोळीनेच डोके दुखू लागते!

फिजिओथेरपीत मानेचे सांधे हळुवार मोकळे करून आतल्या स्नायूंना बळ आणतात. घरी भिंतीला पाठ टेकून बसा, हनुवटी न वाकवता सरळ मागे ओढा, पाच मोजा, सोडा. असे दहा वेळा. हात बधिर होत असतील तर आधी डॉक्टरांना दाखवा.

खर्रा चघळून जबडा शिणतो, कानशिलेही दुखतात. तोंडात तीन बोटे उभी मावेनात, तर दातांचा डॉक्टर गाठावा.

दाढीच्या खुर्चीत मान कटकन मोडून घेणे मात्र सोडा. त्या झटक्याने मेंदूकडे जाणारी रक्तवाहिनी फाटून लकवा होऊ शकतो.

अचानक असह्य डोके दुखले, तापात मान आखडली किंवा फवारणीनंतर मळमळून अंधुक दिसू लागले, तर शेकत बसू नका; थेट अमरावतीचे इर्विन रुग्णालय गाठा.