गाय गाभडली, ताप मात्र मालकाला

गेल्या वर्षी जानेवारीत रब्बी ज्वारीच्या प्रात्यक्षिक प्लॉटच्या पाहणीसाठी एका गावी गेलो असता प्लॉटधारक शेतकरी बंधू अंथरुणावर आढळले. दोन महिने ताप येत-जात होता. रात्री घाम सुटे, कंबर व सांधे दुखत. मलेरियाची, टायफॉइडची औषधे घेऊन झाली होती. बोलता बोलता त्यांच्या पत्नीने सांगितले की, दिवाळीच्या सुमारास गाय सातव्या महिन्यात गाभडली व अडकलेली वार यांनी उघड्या हाताने काढली. डॉक्टरांना हे कोणी सांगितले नव्हते, त्यांनीही विचारले नव्हते. पुढे रक्ततपासणीत ब्रुसेल्लोसिस, म्हणजेच सांसर्गिक गर्भपाताचा रोग, निघाला.

प्रस्तुत लेखकाचा विषय पिकांचा. परंतु गाभडलेले वासरू व वार उकिरड्यावर जाते आणि तेच शेणखत आपण शेतात पसरतो. तेव्हा हा विषय शेतीबाहेरचा कसा म्हणावा?

या रोगाचे जंतू वार, गर्भजल, योनीस्राव व दुधातून बाहेर पडतात. गाभण जनावर शेवटच्या तीन-चार महिन्यांत गाभडते व बरेचदा वार पडत नाही. माणसात ते हातावरील जखमांतून अथवा कच्च्या दुधातून शिरतात. धारोष्ण दूध पौष्टिक म्हणून पिण्याची चाल येथे महागात पडते. दूध उकळल्यास जंतू मरतात.

माणसाचा डॉक्टर व जनावरांचा डॉक्टर यांनी एकमेकांशी न बोलल्यास काय होते, हे माल्टा बेटावर दिसून आले. तेथील सैनिकांच्या तापाचा जंतू डेव्हिड ब्रूस यांनी 1887 मध्ये शोधला. पण तो येतो कोठून हे कळेना. 1905 मध्ये झमित यांनी शेळ्यांचे रक्त तपासले, तेव्हा उलगडा झाला. 1906 मध्ये सैनिकांना शेळीचे दूध देणे बंद केले आणि ताप झपाट्याने ओसरला. मधली अठरा वर्षे शेळ्या समोरच चरत होत्या!

आपल्याकडे पशुवैद्यकीय दवाखाना व प्राथमिक आरोग्य केंद्र दोन वेगळ्या खात्यांची. त्यांना जोडणारा दुवा तूर्त पशुपालकच आहे. तापासाठी दवाखान्यात गेल्यावर गोठ्यात जनावर गाभडले असल्यास आपणहून सांगावे. तसेच घरात कोणास रेंगाळणारा ताप असल्यास पशुवैद्यकास सांगावे व जनावरांचे रक्त तपासून घ्यावे. प्रत्येक गर्भपात याच रोगाचा असतो असे नाही. तपासणीशिवाय ते कळत नाही. माणसात औषधोपचार साधारण सहा आठवडे चालतो. बरे वाटले म्हणून मध्येच सोडल्यास रोग उलटतो.

वार स्वतः काढू नये. पडलेली वार व मृत वासरू रबरी हातमोजे घालून खोल खड्ड्यात चुना टाकून पुरावे.

कालवडी व पारड्यांना 4 ते 8 महिने वयात एकदाच लस टोचावी. 2019 मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय पशुरोग नियंत्रण कार्यक्रमात या लसीकरणाचा समावेश आहे. लस जिवंत जंतूंची असल्याने नर वासरांना व गाभण जनावरांना देऊ नये, आणि ती पशुवैद्यकाकडूनच टोचून घ्यावी.

जनावरात या रोगावर खात्रीचा इलाज नाही. म्हणून पुष्कळ जण गाभडलेली गाय गुपचूप बाजार दाखवतात. ती दुसऱ्याच्या दावणीला जाते, आणि तिच्याबरोबर रोगही. नवे जनावर घेताना त्याची रक्ततपासणी झाल्याखेरीज ते आपल्या गोठ्यात मिसळू नये.