मेजावरचा सर्व्हर : कीटकांच्या डीएनए विश्लेषणासाठी एक टिकाऊ व्यवस्था

बंगळूरच्या बेल्लारी रस्त्यावर हेब्बाळ येथे राष्ट्रीय कृषी कीटक संसाधन ब्यूरो आहे. १९९३ मध्ये जैविक नियंत्रणाचे प्रकल्प संचालनालय म्हणून स्थापन झालेल्या या संस्थेला २०१४ मध्ये आजचे नाव मिळाले. महाराष्ट्रातील शेतकऱ्यांना ती मित्रकीटकांमुळे परिचित आहे. पपईवरील पिठ्या ढेकणाच्या बंदोबस्तासाठी २०१० मध्ये पोर्टो रिकोहून आणलेला असेरोफॅगस पपायी हा परजीवी कीटक याच संस्थेमार्फत देशात पसरला. हा परजीवी प्रामुख्याने पपईच्या पिठ्या ढेकणावरच जगतो. कपाशीवरील किंवा जास्वंदीवरील दुसऱ्या जातीच्या ढेकणावर तो सोडला, तर ते श्रम वाया जातात. म्हणून जैविक नियंत्रणात पहिला प्रश्न नेहमी एकच असतो : कीड नेमकी कोणती?

२०१८ च्या मे महिन्यात कर्नाटकातील शिवमोग्गा परिसरात मक्यावर अमेरिकन लष्करी अळी आढळली, तेव्हा हाच प्रश्न तातडीचा झाला होता. मोठ्या अळीच्या डोक्यावरील उलट्या ‘वाय’ आकाराची खूण ओळखता येते. लहान अळ्यांच्या बाबतीत मात्र अनुभवी नजरही चुकते. अशा वेळी डीएनएचा आधार घेतात. माइटोकॉन्ड्रियातील एका जनुकाचा ६५८ अक्षरांचा तुकडा वाचून तो नोंदवलेल्या क्रमांशी ताडतात. एवढ्या कामाला कोणताही साधा संगणक पुरतो. अडचण त्यापुढे सुरू होते. कीड कोठून आली, तिच्या किती वंशशाखा येथे आहेत, कीटकनाशकाला प्रतिकार करणारा बदल तिच्यात आहे का, हे पाहण्यासाठी संपूर्ण जनुकसंचाकडे वळावे लागते. लष्करी अळीचा जनुकसंच सुमारे ४० कोटी अक्षरांचा आहे. यंत्रातून तो लहान लहान तुकड्यांत बाहेर पडतो, आणि ते तुकडे जुळवण्याचे काम संगणकावर अनेक तास, प्रसंगी अनेक दिवस चालते.

घरगुती वापराची कार्यप्रणाली अशा कामासाठी घडवलेली नसते. ती वापरकर्ता उठून गेला की झोपते, अद्ययावत होण्यासाठी रात्री स्वतःहून बंद होऊन पुन्हा सुरू होते, आणि सकाळी पडद्यावर अर्धवट राहिलेल्या कामाचा मागमूसही नसतो. यावर एक उपाय अनेक प्रयोगशाळांत रुळला आहे : मेजावरच्या संगणकावरच सर्व्हरची कार्यप्रणाली बसवणे.

सर्व्हर म्हटले की थंड खोलीतील कपाटे डोळ्यांपुढे येतात. पण उबंटूसारख्या लिनक्स प्रणालीत सर्व्हर आवृत्ती आणि डेस्कटॉप आवृत्ती यांचा गाभा एकच असतो; सॉफ्टवेअरचे भांडारही एकच. फरक पडतो तो सुरुवातीला काय बसवले जाते त्यात. सर्व्हर आवृत्तीत चित्रमय पडदा नसतो, गाणी-चित्रफितींची सोय नसते, पार्श्वभूमीला चालणारी अनावश्यक कामे कमी असतात. सुरक्षेच्या दुरुस्त्या ती आपोआप घेते, परंतु मूळ मांडणीत सांगितल्याशिवाय स्वतःला पुन्हा सुरू करत नाही. उबंटूच्या दीर्घ मुदतीच्या आवृत्तीला ५ वर्षे आधार मिळतो. डेबियनमध्ये तर सर्व्हर आणि डेस्कटॉप अशा वेगळ्या आवृत्त्याच नाहीत. बसवताना चित्रमय पडद्यापुढची खूण काढली की झाले.

कीटकशास्त्रज्ञाला ही वृत्ती ओळखीची वाटावी. ट्रायकोग्रामासाठी तांदळावरील पतंग, म्हणजे कोर्सायरा, वाढवतात त्या खोलीचे तापमान कोणी लहर आली म्हणून मध्येच बदलत नाही. कंटाळवाणा एकसारखेपणा हेच त्या खोलीचे मोल असते.

हेब्बाळच्या संदर्भात आणखी एक कारण महत्त्वाचे आहे. राष्ट्रीय कृषी जैवमाहिती जालाअंतर्गत नवी दिल्लीतील भारतीय कृषी सांख्यिकी संशोधन संस्थेत ‘अशोक’ ही महासंगणक सुविधा २०१४ मध्ये उभी राहिली, आणि हेब्बाळचा ब्यूरो या जालातील एक भागीदार आहे. महासंगणकांची दुनिया लिनक्सची आहे. जगातील सर्वांत वेगवान ५०० संगणकांच्या यादीत नोव्हेंबर २०१७ पासून दुसरी कोणतीही प्रणाली नाही. मेजावरही लिनक्सच असेल, तर चार नमुन्यांवर तपासून घेतलेली आज्ञावली दूरच्या मोठ्या यंत्रावर फारसा बदल न करता चारशे नमुन्यांवर चालवता येते. चूक मेजावरच सापडते आणि महासंगणकावरील रांगेतला वेळ वाचतो.

मोजावी लागणारी किंमत

या व्यवस्थेत डोकेदुखी नाही असे मुळीच नाही. सर्व्हर आवृत्तीवर नंतर चित्रमय पडदा बसवला की पहिली तक्रार वायफायची येते. सर्व्हरमध्ये जाळ्याची सूत्रे वेगळ्या व्यवस्थेकडे असतात, म्हणून पडद्यावरचे वायफायचे चिन्ह हतबल दिसते. तार जोडणे हा सर्वांत सोपा उपाय. दुसरी गोष्ट फसवी आहे. उबंटू सर्व्हरचा स्थापक मूळ मांडणीत मोठ्या डिस्कचा फक्त एक भाग वापरात घेतो. एक टेराबाइटच्या डिस्कवर साधारण १०० जीबीच हाती येते. बाकीची जागा रिकामी असूनही जनुकसंचाच्या जुळणीत ‘जागा संपली’ असा संदेश येतो. हा भाग बसवतानाच वाढवून घ्यावा. आणि तिसरी गंमत अशी, की ग्नोमसारखा पडदा बसवताच काही प्रणालींत काही वेळाने झोपी जाण्याची खोडही परत येते. जी टाळण्यासाठी सर्व्हर घेतला तीच. ती सवय हाताने बंद करावी लागते.

मराठीचा प्रश्न स्वतंत्रपणे सांगायला हवा. क्षेत्रीय नोंदी गाव, तालुका, पीक अशा देवनागरीत येतात. केवळ अक्षरी काळ्या पडद्यावर लिनक्सला देवनागरी नीट दाखवता येत नाही, आणि किमान स्थापनेत फाँटही नसल्याने गावांच्या नावांच्या जागी चौकोन उमटतात. लोहित किंवा नोटो हा फाँट आणि इन्स्क्रिप्टची कळफलक-व्यवस्था बसवली की काम सुरळीत होते. मात्र जुन्या, युनिकोड नसलेल्या फाँटमध्ये टाइप केलेल्या फायली तो फाँट बसवल्याशिवाय या यंत्रावर वाचता येणार नाहीत; त्या आधी युनिकोडमध्ये आणलेल्या बऱ्या.

विंडोज सर्व्हरही मेजावर वापरता येतो, पण त्याचा परवाना महाग, काही डेस्कटॉप सॉफ्टवेअर त्यावर बसण्यास नकार देतात, आणि जैवमाहितीशास्त्राची बहुतेक साधने लिनक्ससाठी लिहिलेली आहेत. या कामासाठी तो विचारात घेण्याचे कारण नाही.

मुदतीचा भरवसा कोणावर?

टिकाऊपणाच्या आश्वासनालाही एक पूर्वेतिहास आहे. रेड हॅटच्या व्यावसायिक प्रणालीची मोफत प्रतिकृती असलेली सेंटओएस ही प्रणाली २००४ पासून जगभरच्या प्रयोगशाळांत रुजली होती. तिच्या ८ व्या आवृत्तीला २०२९ पर्यंत आधार मिळेल असे सांगितले गेले होते. ८ डिसेंबर २०२० रोजी ही मुदत ३१ डिसेंबर २०२१ वर आणल्याची घोषणा झाली. वर्षभरात सर्वांना दुसरे घर शोधावे लागले. रॉकी लिनक्स आणि अल्मालिनक्स यांचा जन्म त्यातूनच झाला. तेव्हा प्रणाली निवडताना ती कोण सांभाळते, हे आधी पाहावे. विश्लेषणाची साधने मूळ प्रणालीत न मिसळता कोंडासारख्या वेगळ्या कप्प्यात, आवृत्ती-क्रमांकांची नोंद करून ठेवली, तर घर बदलले तरी संसार तोच राहतो, आणि पाच वर्षांपूर्वीचा निष्कर्ष कोणी पुन्हा तपासू म्हटले तर तपासता येतो.

कृषी विज्ञान केंद्रांसाठी हा विषय दुरून जाणारा नाही. विंडोज १० चा सर्वसाधारण आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला, आणि विंडोज ११ न पेलणारे अनेक संगणक चालू स्थितीत आहेत. हवामान केंद्राच्या नोंदी आणि सापळ्यांतील कीटकांची छायाचित्रे साठवणे, रात्री त्यांची प्रत काढणे, या कामांना असा संगणक डेबियनवर कित्येक वर्षे पुरेल. डिजिटल सहीचा टोकन, बोटांच्या ठशांचे हजेरी-यंत्र किंवा एखादा हट्टी छपाईयंत्र ज्या टेबलावर आहे, तेथे मात्र हा प्रयोग करू नये. चालकप्रणालीच्या शोधात आठवडा जातो. जेथे भारनियमन आहे तेथे यूपीएस आधी घ्यावा, प्रणाली नंतर. रात्रभर न झोपणारे यंत्रही वीज गेली की बंदच पडते, आणि जुळणीच्या साधनात टप्प्याटप्प्याने काम जतन करण्याची सोय नसेल, तर पहाटे पुन्हा पहिल्या तुकड्यापासून सुरुवात करावी लागते.