रक्तदाबाचे औषध : दिले किती, घेतले किती?

चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील नवव्या अध्यायात चिकित्सेचे चार पाद सांगितले आहेत. त्यांपैकी रुग्णाच्या ठायी स्मृती, निर्देशकारित्व, अभीरुत्व आणि ज्ञापकत्व हे गुण अपेक्षिलेले आहेत. वैद्य आणि द्रव्य या पादांवर आपण भरपूर लिहितो. रुग्णाच्या पादाची मोजदाद मात्र क्वचितच करतो. उच्च रक्तदाबासारख्या बहुधा लक्षणरहित व्याधीत ही उणीव पक्षाघातापर्यंत नेऊ शकते.

ठाणे-बेलापूर औद्योगिक पट्ट्यालगतच्या तळवलीसारख्या वस्तीत पाळीने काम करणाऱ्याची सकाळ पाळीबरोबर बदलते. ‘सकाळी एक गोळी’ हा निर्देश रात्रपाळीहून परतलेल्याने कोणत्या सकाळचा समजावा? मात्र नुसती सोय करून भागत नाही. कॅनडातील हॅमिल्टन येथील पोलाद कामगारांवर सॅकेट, हेन्स व सहकाऱ्यांनी केलेला अभ्यास १९७५ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाला. कामाच्या जागीच चिकित्सा उपलब्ध केली, व्याधीचे शिक्षणही दिले. तरी औषध घेण्याचे प्रमाण त्यायोगे वाढले नाही.

मग मोजावे कसे? ‘गोळ्या घेता ना?’ या प्रश्नाचे उत्तर ‘हो’ असेच येते. १९८६ मध्ये मोरिस्की व सहकाऱ्यांनी चार प्रश्नांची पद्धत मांडली : विसरता का, हयगय होते का, बरे वाटल्यावर थांबवता का, त्रास वाटल्यास बंद करता का? चुकणे गृहीत धरून विचारले की रुग्णाचे ज्ञापकत्व जागे होते, असा आमचा अनुभव आहे.

खरा दस्तऐवज मात्र औषधविक्रेत्याच्या वहीत असतो. तीस दिवसांच्या गोळ्या नेलेला रुग्ण चाळिसाव्या दिवशी परत आला, तर त्याच्यापाशी ७५ टक्के दिवसांचेच औषध होते. रूढ मर्यादा ८० टक्क्यांची आहे. अर्थात नेलेली गोळी पोटात गेलीच असे नाही, आणि कोणी दुसऱ्या दुकानातूनही घेतो. तपासणीच्या आदल्या दोन दिवसांत नेमाने गोळ्या घेणारेही असतात. म्हणून एका भेटीतील रक्तदाबाच्या आकड्यावर विसंबू नये.

२०१७ मध्ये सुरू झालेल्या भारतीय उच्च रक्तदाब नियंत्रण उपक्रमात महाराष्ट्रातील सातारा, सिंधुदुर्ग, भंडारा व वर्धा हे जिल्हे आरंभी होते. तेथे भेट चुकलेल्या रुग्णांची यादी काढून त्यांना परत बोलावण्यावर भर दिला गेला. या उपक्रमास २०२२ मध्ये संयुक्त राष्ट्रांचा पुरस्कार लाभला. यादी आणि दूरध्वनी, एवढीच सामग्री आपल्यालाही पुरेल.

वैद्यबंधूंना एक विशेष सांगणे आहे. सर्पगंधेला जगन्मान्यता मिळाली ती मुंबईच्या डॉ. रुस्तम वकिलांच्या १९४९ च्या लेखामुळे. तिचे सामर्थ्य आपण जाणतोच. नेमके म्हणूनच, आपला कल्प सुरू होताच रुग्णाने आधीची गोळी परस्पर सोडली का, हे पहिल्या आठवड्यातच विचारावे. बीटा-ब्लॉकर वा क्लोनिडीन एकाएकी थांबल्यास रक्तदाब उसळतो. उलट दोन्ही चालू असल्यास तो नको तितका उतरू शकतो. रुग्णपत्रिकेत ‘अन्य औषध : शेवटचे केव्हा घेतले’ असा एक रकाना आखावा, आणि तो रुग्णाने आणलेली रिकामी पाकिटे समोर ठेवून भरावा.